पात्र घडविताना : टेबलाभोवतीच्या एका खेळाविषयी

सोंग घेण्याची हौस माणसाला फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडे दंडारीच्या रात्री दिवसभर नांगर धरणारा गडी लुगडे नेसून उभा राहतो आणि गाव त्याला तेवढ्या वेळापुरते बाई म्हणून मान्य करते. नाथांच्या भारुडांत वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो. कोकणातल्या दशावतारी खेळात तर नटाला लिहिलेली संहिताही नसते. कथा ठाऊक असते, पात्र ठाऊक असते आणि बोलणे त्या क्षणी सुचेल तसे होते. या सोंगाचाच एक बैठा प्रकार गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर पसरला आहे. त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला 'भूमिका-खेळ' म्हणू. हा खेळ घरच्या घरी कसा रचावा, आणि त्यातही त्याचा प्राण असलेले पात्र कसे घडवावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. संस्कृत नाटकातल्या सूत्रधाराप्रमाणे तो प्रसंग उभा करतो. पण पुढे काय होणार हे मात्र त्यालाही ठाऊक नसते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "अंधार पडला आहे. नाल्यापलीकडे कंदील हलतो आहे." मग ज्याचे त्याने सांगायचे : माझे पात्र थांबते, लपते, की हाक मारते. एखादी गोष्ट साधेल की नाही अशी शंका आली, तर फासे टाकून निर्णय करायचा. रंगमंच नाही, वेशभूषा नाही, प्रेक्षकही नाहीत. भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी केवळ वाचिकावर भागते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून एक कथा घडते, एवढेच.

या खेळाचे मूळ युद्धाच्या खेळांत आहे. प्रशियात रायस्विट्झ पितापुत्रांनी १८१२ आणि १८२४ च्या सुमारास सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, सोंगट्या आणि फासे यांचा खेळ तयार केला. त्यात निवाडा देणारा एक पंच असे. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेझली याने अशाच एका खेळात फौजांऐवजी माणसे वाटून दिली : कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकारी पेढीचा मालक, कोणी विद्यापीठाचा कुलपती. त्या खेळात भाग घेणाऱ्या डेव्ह अर्नेसनने ती कल्पना पुढे नेली आणि १९७४ मध्ये त्याने व गॅरी गायगॅक्सने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. फौजेकडून माणसाकडे झालेला हा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पात्र घडविणे हा विषय तेथूनच सुरू होतो.

काळ आणि गाव

त्या मूळ खेळात राक्षस, भुयारे, जादूगार आहेत. आपण ते उसने का घ्यावे? घरगुती खेळाचा मोठा फायदा असा, की त्याची भूमी आपण निवडू शकतो. उदाहरणासाठी मी आपल्याच जिल्ह्यातला एक काळ घेतो : १९३० चा पावसाळा, पुसदचा परिसर.

त्या वर्षी देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. विदर्भाला समुद्रकिनारा नाही. म्हणून येथे कायदेभंगासाठी जंगलचा कायदा पुढे आला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. बापूजी मूळचे वणीचे. वऱ्हाड त्या वेळी नावापुरते निजामाचे होते, कारभार मात्र मध्यप्रांत व वऱ्हाडच्या इंग्रजी सरकारचा होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी कापूस वाहत होती. इतके सामान खेळाला पुरेसे आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. बापूजींसारख्या ऐतिहासिक व्यक्तीचे पात्र कोणी घेऊ नये. त्या काय बोलल्या, काय वागल्या याची नोंद आहे; त्यांच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. खेळात त्यांची वार्ता यावी, लांबून दर्शन घडावे. आपली पात्रे मात्र ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, त्या माणसांतून घ्यावीत. गवत कापणारी बाई, तांड्यावरचा गुराखी, जिनिंगमधला मजूर, वकिलाचा कारकून, जंगल खात्याचा नाकेदार, पुसदला शिकायला राहिलेला मुलगा.

सहा गुण आणि तीन फासे

आता कागद घ्या. पात्राचे नाव, वय आणि काम लिहा. त्याखाली सहा गुण लिहा : बळ, चपळाई, चिकाटी, बुद्धी, व्यवहार आणि वजन. 'वजन' म्हणजे शरीराचे नव्हे. शब्दाला असते ते. मूळ अमेरिकन खेळातही सहाच गुण होते, आपण त्यांना आपली नावे दिली आहेत.

लुडोचे साधे तीन फासे एकदम टाका आणि बेरीज लिहा. असे सहा वेळा करा. मिळालेले सहा आकडे सहा गुणांत वाटून द्या. कोणता आकडा कोणत्या गुणापुढे ठेवायचा हे खेळाडूने ठरवावे. यात एक तत्त्व आहे. दान फाशाचे असते, ते कोठे लावायचे हे माणसाच्या हाती असते. सारीपाट खेळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तीनच फासे का? एकच फासा टाकला तर एक ते सहा हे सर्व आकडे सारख्याच वेळा पडतात. तीन फाशांची बेरीज मात्र मधल्या आकड्यांकडे झुकते. तीन फासे एकूण २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकाराने येते, ३ ही सुद्धा एकाच. पण १० आणि ११ या बेरजा प्रत्येकी २७ प्रकारांनी येतात. ९ ते १२ यांच्या दरम्यान जवळजवळ निम्मी दाने पडतात. म्हणजे असामान्य माणूस क्वचित आणि साधारण माणूस वारंवार निर्माण होतो. जगाची रीतही अशीच आहे.

खेळताना कसोटीचा प्रसंग आला की पुन्हा तीन फासे टाकावेत. बेरीज पात्राच्या त्या गुणाइतकी किंवा त्याहून कमी आली तर काम साधले. गुण १० असेल तर यशाची शक्यता बरोबर निम्मी, १३ असेल तर शंभरात सुमारे ८४, आणि ७ असेल तर शंभरात अवघी १६. हे प्रमाण खेळाडूंना आधी सांगून ठेवावे. आपल्या उण्या बाजू ठाऊक असलेला माणूस वेगळ्या वाटा शोधतो, आणि कथा त्या वाटांवर घडते.

जन्माला अंक नाही

आता सर्वांत नाजूक भागाकडे येतो.

१९७४ च्या मूळ नियमांत पात्राचा 'वंश' ठरवावा लागे : मनुष्य, बुटका, एल्फ वगैरे. वंशावरून पुढचे पुष्कळ काही ठरून जाई. बुटक्याने लढवय्याच व्हायचे, आणि त्यातही एका ठरावीक पायरीच्या वर जायचे नाही, असा नियम होता. जन्मावरून धंदा आणि जन्मावरून मर्यादा! आपल्या देशातील वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. त्या खेळाच्या कर्त्यांनाही पुढे याचा विचार करावा लागला. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द काढला गेला आणि गुणांतील वाढ जन्मावर न ठेवता पात्राच्या पूर्वायुष्यावर ठेवली गेली.

आपला खेळ यवतमाळ जिल्ह्यात घडायचा आहे. येथे गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा, पारधी, कुणबी, महार, मुसलमान असे अनेक समाज राहतात. एखाद्याला सहज सुचेल, की बंजाऱ्याला चपळाईचे दोन अंक जास्त द्यावेत, कोलामाला जंगलाचे ज्ञान द्यावे आणि पारध्याला चोरीची विद्या द्यावी. सुचविणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दुसरे काय केले होते? काही जमातींत जन्मलेल्या माणसाच्या कागदावर त्याने काही करण्यापूर्वीच 'गुन्हेगार' असे लिहून टाकले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे, त्यांना कायदा गेल्यावरही तो शिक्का किती काळ टिकला हे ठाऊक आहे. तोच कागद आपण खेळाच्या नावाखाली पुन्हा भरावा काय?

म्हणून पहिला नियम असा ठेवावा : जन्म पात्राला अंक देत नाही. तो भाषा देतो, नातेवाईक देतो, सण देतो, घर देतो. जंगलाचे ज्ञान हवे असेल तर ते जंगलात वाढल्यामुळे मिळावे, मग ते पात्र कोणाच्याही घरचे असो.

पण मग १९३० मधली जात कागदावरून पुसून टाकायची काय? तसे केले तर तो काळच खोटा होईल. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. विदर्भातल्या गावांची स्थितीही त्याहून निराळी नव्हती. यावर उपाय आहे. सूत्रधाराने पात्रांच्या कागदांखेरीज गावाचाही एक कागद करावा. कोणती विहीर कोणाला बंद आहे, कोणाला ओसरीवर बसवितात आणि कोणाला अंगणात उभे करतात, हे सारे त्या गावाच्या कागदावर लिहावे. विहीर बंद असणे हा पाणी मागणाऱ्याचा उणेपणा नव्हे, तो गावाचा आहे. ज्याचा दोष, त्याच्या कागदावर. एवढ्या एका बदलाने खेळणाऱ्याची दृष्टी बदलते. पात्राला ती विहीर आपल्या नशिबाचा भाग वाटत नाही. गावात करावयाचे एक काम म्हणून ती समोर उभी राहते.

हाच न्याय अक्षरओळखीला लावावा. लिहिता-वाचता येणे म्हणजे बुद्धी नव्हे. 'बुद्धी १४, अक्षरओळख नाही' असे पात्र सर्वस्वी शक्य आहे, आणि त्या काळी अशीच माणसे अधिक होती. अक्षरओळख आणि भाषा यांसाठी वेगळी ओळ ठेवावी. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी यांपैकी पात्राला काय कळते आणि काय बोलता येते? कोलामी व गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. मराठी येत असेल म्हणून त्या समजतील असे नाही. कोर्टातला हुकूम एका भाषेत आणि ज्याच्यावर तो बजावायचा तो माणूस दुसऱ्या भाषेत, हा प्रसंग फासे न टाकताही ताण निर्माण करतो. बोलीसंबंधी आणखी एक सूचना. नाटका-सिनेमांत बोलीचा उपयोग पुष्कळदा हशा पिकविण्यासाठी होतो. आपल्या खेळात पात्राने वऱ्हाडीत विनोद जरूर करावा. वऱ्हाडी हाच विनोद होऊ नये.

पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. खेळातही ती खरी ठरते. पात्राजवळ किती रुपये, आणे, पैसे आहेत हे लिहिल्याशिवाय त्याचे वागणे खरे वाटत नाही. त्या वेळी सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा होता. पण जवळचा पैसा लिहिणे पुरेसे नाही. देणे किती, कोणाचे, आणि काय गहाण आहे, हेही लिहावे. सत्याग्रहात उतरू पाहणाऱ्या शेतकऱ्याला तुरुंगाइतकीच सावकाराची भीती असते. किंबहुना तुरुंगातून सुटण्याची तारीख ठरलेली असते, सावकाराची नसते.

हवे काय, भीती कशाची

ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कादंबरीवरील आपल्या व्याख्यानांत 'सपाट' आणि 'गोल' पात्रे असा भेद केला, तो आपल्या अभ्यासक्रमात येतो. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येते. गोल पात्र आपल्याला चकित करू शकते. भूमिका-खेळातील पात्र गोल व्हावे यासाठी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. याला आज काय हवे आहे? याला कशाची भीती वाटते? हा कोणाला शब्द देऊन बसला आहे? आणि याच्यात कोणती खोड आहे?

शेवटचा प्रश्न टाळू नये. निर्दोष पात्र दोन घटकांत कंटाळा आणते. सुधाकराच्या हाती पेला आला नसता तर गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घडलेच नसते. खोड मात्र अशी हवी, की तिच्यामुळे काही करावे लागेल. 'आळशी' ही खोड खेळ थांबविते. 'अपमान सहन होत नाही' ही खोड खेळ पुढे ढकलते.

याबरोबर पूर्वायुष्याच्या तीन-चार ओळी लिहाव्यात. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळात तर खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्राची नोकरी, बढती, जखमा हे सारे फाशांनी ठरवीत. कित्येकदा पात्र तेथेच मरूनही जाई! आपण इतके निष्ठुर होऊ नये. परंतु आजचा माणूस कालच्या कारणांतून घडतो, हे सूत्र घेण्यासारखे आहे. उदाहरणार्थ, तांड्यावरच्या गुराख्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत असे. आगगाडी आली आणि तो व्यापार बुडाला. कुटुंब शेतीवर आणि गुरांवर आले. गुरांना चारा हवा, चारा जंगलात, आणि जंगल सरकारने राखीव केलेले. चार ओळींत त्या गुराख्याला सत्याग्रहाची बातमी कानावर पडताच थबकण्याचे कारण मिळाले.

दोन कागद

एक काल्पनिक पात्र पूर्ण करून पाहू. नाव मैना, वय तीस, काम गवताचे भारे विकणे. फाशांनी दिलेले आकडे १३, १२, ११, १०, ९ आणि ७. खेळाडूने ते असे लावले : चिकाटी १३, चपळाई १२, व्यवहार ११, बळ १०, बुद्धी ९, वजन ७. अक्षरओळख नाही. वऱ्हाडी येते, गोरमाटी समजते. जवळ सहा आणे, सावकाराचे देणे वीस रुपये. हवे काय : गहाण पडलेली गाय परत. भीती : नवऱ्यामागे मुलगा एकटा पडेल. शब्द : दिराला वचन दिले आहे, की सरकारी भानगडीत पडणार नाही. खोड : खोटे बोलता येत नाही.

आता आकडे काय सांगतात ते पाहा. मैनेच्या शब्दाला वजन नाही. कारकुनाला पटविण्याचा यत्न केला तर शंभरात सोळा वेळाच साधेल. पण चिकाटी तेरा आहे. ती कचेरीच्या पायरीवर दोन दिवस बसून राहू शकते. हुशार खेळाडू मैनेला भाषण करायला लावणार नाही, बसायला लावील.

दुसरा कागद नाकेदाराचा करावा. त्याला खलनायक करण्याचा मोह होतो, तो आवरावा. गणपत, वय चाळीस, पगारावर सात माणसे जगतात. थोरली बहीण याच गावात दिलेली. त्याला हवे काय : दोन वर्षांनी मिळणारी बढती. भीती : वरचा साहेब अचानक येण्याची. शब्द : लुगड्याच्या पदराने डोळे पुसणाऱ्या बहिणीला काहीतरी बोलून बसला आहे. खोड : मोजदाद चुकलेली खपत नाही. एके सकाळी राखीव जंगलात त्याला मैना दिसते आणि तिच्यामागे बहिणीचा सासरा विळा घेऊन उभा असतो. सूत्रधाराने एवढेच सांगावे आणि गप्प बसावे. पुढचे दोन्ही खेळाडू करतील.

याने काय साधते ?

हा वेळ घालविण्याचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकात 'सत्याग्रहींनी गवत कापले' हे एका ओळीत येते आणि आपण ती ओळ पाठ करून परीक्षेला जातो. पात्राचा कागद भरायला बसले की ती ओळ उकलू लागते. गवत कोणाचे होते? ज्याला तुरुंग झाला त्याच्या गुरांना पुढे कोणी पाणी पाजले? विळा उचलताना कोणी दिराला दिलेला शब्द मोडला? या प्रश्नांची उत्तरे आपण कल्पनेने देतो आणि ती इतिहास नव्हेत, हे भान सुटू देऊ नये. परंतु प्रश्न खरे असतात, आणि ते घेऊन आपल्या आजी-आजोबांकडे किंवा ग्रंथालयात गेले तर खरी उत्तरेही काही प्रमाणात मिळतात.

दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. दोन तास दुसऱ्याच्या गरजा, देणी आणि भीती कागदावर मांडून त्यांच्या बाजूने बोलल्यावर त्या माणसाला एका शब्दात निकालात काढणे कठीण जाते. मैनेचा कागद भरणारा मुलगा आणि गणपतचा कागद भरणारी मुलगी एकाच टेबलावर बसून भांडतात, आणि उठताना एकमेकांचा कागद मागून वाचतात. कला शाखेत आपण जे शिकतो असे म्हणतो, ते याहून फार वेगळे नसावे.

खर्च म्हणाल तर तीन फासे, एक पेन्सिल आणि डझनभर कोरे कागद. १९३० नको असेल तर दुसरा काळ घ्या : आजची कापसाची वेचणी घ्या, वणीची कोळशाची खाण घ्या, टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेचे एखादे काल्पनिक गाव घ्या. फक्त गावाचा कागद आधी करा, आणि जन्मासमोरची जागा कोरी ठेवा.